नदीपर्यंत पुरणारे गाणे

श्रीगजाननाला आणि वाग्देवता शारदेला साष्टांग नमस्कार करून, आणि ज्या गावदेवीसाठी हे गाणे रचले गेले तिच्या चरणी मस्तक ठेवून, चार शब्द लिहावयास बसलो आहे. आज वसंत पंचमी. पिंपळे गुरव येथील आमच्या लहानशा ग्रंथालयात सकाळी सरस्वतीपूजन झाले, आणि पूजेच्या पाटावर हळदकुंकू लावून तळहाताएवढी एक नवी पुस्तिका ठेवली गेली. पूजा सांगण्याचे काम माझ्याकडे होते. मंत्र म्हणत असताना माझी दृष्टी पुन्हा पुन्हा दाराकडे वळत होती. जिच्या हातून ही पुस्तिका एकदा बिघडली आणि जिच्याच पायांनी ती पुन्हा सावरली, त्या इंदूबाई तिथे नव्हत्या. त्या असत्या तरी पाटासमोर बसल्या नसत्या, एवढे मात्र खात्रीने सांगतो. त्या कुठेच बसत नसत. त्यांची आठवण म्हणून आम्हांला एखादी खुर्चीसुद्धा दाखवता येत नाही.

आमच्या ग्रंथालयात काही वर्षांपासून एक काम चालते. जुनी, दुर्मिळ झालेली पुस्तके यंत्रासमोर उघडून त्यांच्या पानांची चित्रे घेतात, आणि मग संगणक त्या चित्रांतली अक्षरे ओळखून मजकूर तयार करतो. ओळखताना तो चुकतो, आणि भरपूर चुकतो. कसरीने पाडलेले भोक त्याला अनुस्वार वाटते. मागच्या पानावरची शाई अलीकडे उतरली असेल तर तो तिचीही ओळ करतो. पानाचा आकडा उचलून तो आरतीच्या मध्यभागी आणून ठेवतो. हे सारे मूळ पानाच्या चित्राशी ताडून पाहण्याचे काम आम्ही निवृत्त माणसे करतो. एकाने वाचलेले पान दुसऱ्याने पुन्हा वाचायचे, मगच ते पुरे झाले असे मानायचे, हा आमचा नियम. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवल्यामुळे ते काम मला पूजेसारखेच वाटते. एका आसनावर बसावे, मन स्थिर करावे, आणि अक्षर अक्षर पाहावे.

या शांततेत इंदूबाई आल्या त्या पावलांच्या आवाजासह. चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरींचे जुडगे तपासण्याच्या कामावरून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. उंच, काटक, पदर कमरेला घट्ट खोचलेला, आणि साडीखाली कारखान्यातून मिळालेले काळे, जड सेफ्टी बूट. चपलेत पाय घसरतो, असे त्यांचे म्हणणे. ग्रंथपाल वैशालीबाईंनी त्यांना रीतीप्रमाणे विचारले, “वाचनाची आवड आहे का?”

“आवड न्हाई,” इंदूबाई म्हणाल्या, “चुका काढायची सवय हाय. घरात सुनंच्या चुका काढण्यापरीस हितं काढलेल्या बऱ्या. सूनच म्हणली, जावा.”

वैशालीबाईंनी त्यांना खिडकीजवळचा संगणक दिला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर इंदूबाईंनी खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली, संगणक दोन जाड शब्दकोशांवर उंच चढवलेला, आणि स्वतः उभ्या. उभ्या तरी कशा? एक ओळ वाचायची, दाराशी जायचे, परत यायचे, दुसरी ओळ वाचायची. बुटांचा आवाज सबंध दालनात घुमे. लातूरकडून फार वर्षांपूर्वी फाउंड्रीतल्या नोकरीसाठी इकडे आलेले आमचे गोविंदराव पलीकडच्या टेबलाशी बसत. त्यांना हे सोसवेना.

“इंदूबाई, बसा की हो जरा. खुर्चीला काय काटे लावलेत का?”

“तुमी बसलाय की दोघांच्या वाटचं.”

“अहो, पण माझं डोकं फिरायलंय तुमच्या येरझाऱ्यांनी.”

“फिरू द्या. एका जागी ऱ्हाऊन गंजलं असंल.”

मी मध्ये पडलो. सरस्वतीच्या तसबिरीपुढे पादत्राणे घालून वावरणे योग्य नव्हे, एवढेच म्हणालो. त्या क्षणापासून बूट उंबऱ्याबाहेर राहिले आणि इंदूबाई अनवाणी येरझाऱ्या घालू लागल्या. आवाज थांबला, येरझाऱ्या थांबल्या नाहीत. एकदा मी त्यांना जरा समजावून पाहिले. आसनाची स्थिरता ही मनाच्या स्थिरतेची पहिली पायरी, असे म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “गुरुजी, जप करताना तुमचं मन थांबतं का?”

खोटे बोलणे शक्य नव्हते. “नेहमी नाही,” मी म्हणालो.

“मग नुसते पाय थांबवून काय उपेग?”

त्यांच्याजवळ खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा होता, त्याला मधोमध लांबट चीर पाडलेली. तिला त्या ‘खिडकी’ म्हणत. ती संगणकाच्या पडद्यावर धरली की एकच ओळ दिसे, वरचे खालचे सारे झाकले जाई. कारखान्यात लांबच लांब जुडगा तपासताना असेच वीत वीत पुढे सरकायचे असते, असे त्या सांगत. सगळ्यावर एकदम नजर टाकली की सगळे ठीकच वाटते. त्या खिडकीतून त्यांनी इतक्या चुका पकडल्या, की वैशालीबाई पडद्यावरचे त्यांच्या बोटांचे ठसे रोज तक्रार न करता पुसत.

मात्र सापडलेली चूक त्या स्वतः दुरुस्त करीत नसत. हा त्यांचा कारखान्यातला नियम. जो तपासतो त्याने हात लावायचा नाही. त्याने फक्त तांबडी चिठ्ठी बांधायची, म्हणजे त्यांच्या भाषेत लाल टॅग. टॅगवर दोष लिहायचा, ज्याने माल पुढे सोडला त्याचे नाव लिहायचे, आणि ज्याने टॅग बांधला त्यानेच तो सोडायचा. मधल्या कोणी, मग तो केवढाही साहेब असो, तोडायचा नाही. दोरा ओवलेल्या अशा टॅगांचा गठ्ठा त्यांच्या पिशवीत कायम असे. तपासणीसाठी संगणकातून छापून काढलेल्या आमच्या पानांच्या जुडग्यांना ते लटकू लागले. पहिला टॅग गोविंदरावांच्या नावाचा होता. ते संतापले.

“माझं नाव कशापायी लिहिलाव?”

“पास तुमी केलं. मग नाव काय देवाचं लिऊ?”

“अहो, चूक मशीनची आहे की!”

“मशीनला काय लाज हाय का गोविंदराव? त्याला दिसलं ते त्यानं सांगितलं. लाज आपल्याला पायजे.”

हे शेवटचे वाक्य त्या निरनिराळ्या निमित्तांनी म्हणत, आणि दर वेळी म्हणताना स्वतःच्याच छातीवर बोट टेकवीत.

एकदा पाककृतींचे एक जीर्ण पुस्तक आमच्याकडे आले. चित्रे घेताना एक पान दोनदा घेतले गेले, आणि यंत्राने इमानाने दोन्ही वाचले. त्यामुळे लाडवांच्या कृतीत गुळाचा पाक दोनदा ओतला जात होता. आम्हां पुरुषांच्या नजरेखालून तो सहज निसटला. इंदूबाईंनी पकडला, आणि दालनाच्या मधोमध उभ्या राहून वाचून दाखवला. “हे लाडू न्हाईत गुरुजी, हे तोफंचे गोळे हायत.” गोविंदराव त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणी हसले. तेव्हापासून इंदूबाईंना ‘डबल’ शोधण्याचा नाद लागला. कारखान्यात वायरीच्या एकाच टोकावर धातूच्या दोन पकडी बसल्या तर सबंध जुडगा बाद होत असे. तो धाक त्यांच्या हाडांत मुरला होता. दोनदा आलेले काही दिसले की त्यांचा श्वास बदले.

आता त्या पुस्तिकेकडे येतो.

इंदूबाईंचे माहेर निघोज्याच्या शिवेवरच्या एका वाडीत. आईवडील नाहीत, भाऊही नाही. भावाचा मुलगा संतोष आणि त्याची बायको एवढेच माहेर उरलेले. वाडीची जमीन कारखान्यांकडे गेली, पण देवीचे देऊळ आणि चैत्रातली जत्रा राहिली. जत्रेत देवीची पालखी देवळापासून इंद्रायणीवर स्नानाला जाते. त्या वाटेवर म्हणायचे एक लांब गाणे वाडीतल्या एका जुन्या शाळामास्तरांनी रचून छापले होते. त्याची एकच प्रत शिल्लक होती, देवळाच्या पेटीत, लाल फडक्यात बांधलेली. जत्रेच्या कमिटीचा कारभार संतोषकडे. या वर्षी पुस्तिका नव्याने छापून घरोघर द्यायची, असे त्याने गावाला कबूल केले आणि प्रत आत्याकडे सोपवली. इंदूबाईंनी ती छातीशी धरून ग्रंथालयात आणली. चित्रे घेतली गेली, आणि देवळाची वस्तू फार दिवस बाहेर नको म्हणून संतोष ती लगेच परत घेऊन गेला.

संतोष हा चाकणच्या एका कंपनीत लाइनवर सुपरवायझर. बोलणे झपाट्याचे, एक डोळा मोबाइलवर. त्या दिवसांत तो एकाआड एक दिवस फोन करी. “आत्या, झालं का? छापखान्याची तारीख घेतलीय. पुढं माझी नाइट शिफ्ट लागतीय. तू शाल-श्रीफळ घ्यायच्या तयारीत ऱ्हा. स्टेजवर तुझा सत्कार हाय.” इंदूबाईंचा चेहरा त्या बोलण्याने उजळे. माहेरच्या मांडवात आपले नाव पुकारले जाणार, हे त्यांनी आम्हां प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगितले, आणि प्रत्येकाला कोणाजवळ बोलू नका असेही बजावले.

पुस्तिका अगदी लहान होती. एका पानावर एकच कडवे मावे. पानांचे आकडे कसरीने खाल्लेले. इंदूबाई खिडकी धरून वाचत गेल्या आणि थोड्याच पानांनंतर थबकल्या. मघाचेच पान पुन्हा आले होते, अक्षर न अक्षर तेच. पुढे एक नवे कडवे, की पुन्हा तेच पान. त्यांनी कपाळाला हात लावला. यंत्राने सबंध पुस्तकभर डबल घेतले होते! एरवी त्यांनी टॅग बांधला असता, मूळ प्रत मागवली असती. पण संतोषचा फोन तेवढ्यात पुन्हा वाजला. त्यांनी आपला नियम मोडला आणि ती पाने स्वतःच्या हाताने काढून टाकली. दुसरे वाचन माझ्याकडे यायचे होते. संध्याकाळी संतोष पेन ड्राइव्ह घेऊन दारात हजर झाला तेव्हा मी तसे सांगितलेही.

“गुरुजी, आता तुमी छापलेलंच वाचा,” तो म्हणाला.

वैशालीबाई घुटमळल्या. इंदूबाई म्हणाल्या, “द्या बाई. मी बघितलंय.” त्यांचे शब्द म्हणजे आमच्याकडे शिक्काच होता. फाइल गेली.

पुढची हकिकत मला त्यांच्याच तोंडून समजली. छापखान्याने नमुन्यादाखल पाने काढून संतोषच्या घरी पाठवली, म्हणून इंदूबाई ती पाहायला वाडीवर गेल्या. संतोष कामावर होता. त्याच्या बायकोने चहा दिला आणि बसा म्हटले. बसणे कुठले! अंगणात येरझाऱ्या घातल्या, मग पाने उचलली आणि देवळाकडे निघाल्या. देवळापाशी उभे राहिल्यावर सहज मनात आले, की पालखीच्या वाटेने गाणे म्हणत जावे. दुपारची वेळ, रस्त्यावर कंटेनरची रांग, धूळ. इंदूबाई मोठ्याने म्हणत चालल्या. देऊळ मागे पडले, वडाचा पार मागे पडला, चहाची टपरी आली, आणि गाणे संपले.

नदी अजून दूर होती.

लहानपणी त्या आईच्या कडेवर बसून त्या वाटेने गेल्या होत्या. गाण्याचे शब्द त्यांच्या ध्यानात नव्हते, बाया मागून चालत आणि पुढच्यांचे शब्द मागे फाटून येत. पण एक गोष्ट पक्की ध्यानात होती. गाणे थांबे, सगळे गप्प होत, आणि त्या गप्पपणात पाण्याचा आवाज येई. गाणे आणि वाट एकाच ठिकाणी संपत. आता मध्ये एका कंपनीची भिंत आली आहे आणि वाटेला वळसा पडला आहे, हे खरे. परंतु गाणे तर भिंतीच्या अलीकडेच, वळसा सुरू होण्याआधीच संपले होते.

त्या तशाच देवळात परतल्या. पुजाऱ्याकडून पेटी उघडवून घेतली. मूळ प्रतीची पाने एकेक करून चिमटीत धरून पाहिली. ते पुन्हा पुन्हा येणारे पान यंत्राने दोनदा घेतलेले नव्हतेच. मास्तरांनीच ते तितक्या वेळा छापले होते. ते चालण्याचे कडवे होते. पुढच्यांनी नवे कडवे म्हणायचे आणि मग सर्वांनी मिळून हे एक, पाऊल टाकत. तेच काढून टाकल्यावर वाट संपणार कशी?

दुसऱ्या दिवशी ग्रंथालय उघडण्याआधीच त्या पायरीशी उभ्या होत्या. बुटांवर धूळ, केस विस्कटलेले, डोळे तारवटलेले.

“गुरुजी, गाणं संपलं आन् नदी आलीच न्हाई.”

मला प्रथम काही उमजेना. त्यांनी फेऱ्या घालत सारे सांगितले. “खिडकीतनं ओळ दिसती. गाणं दिसत न्हाई,” त्या म्हणाल्या, आणि तो पुठ्ठा पिशवीतून काढून माझ्यासमोर टेबलावर उपडा टाकला. आमच्या पठणाच्या परंपरेत तेच पद पुन्हा पुन्हा म्हणण्याला दोष मानीत नाहीत, उलट आवर्तनांनीच ते जिभेवर आणि काळजात बसते, असे काहीतरी मी सांत्वनासाठी बोलू लागलो. त्यांनी मला मध्येच थांबवले. “ते मागनं सांगा. आदी दापोडीला चला.”

छापखाना दापोडीत, रेल्वेलाइनजवळच्या एका गल्लीत. बसमध्ये जागा होती तरी इंदूबाई दांडा धरून उभ्या राहिल्या, आणि प्रत्येक थांब्यावर खाली वाकून कुठे आलो ते पाहत राहिल्या. छापखान्यात पोहोचलो तेव्हा पहिले ताव छापून, सुतळीने बांधून ठेवलेले होते. इंदूबाईंनी मालकाला एका शब्दानेही विचारले नाही. पिशवीतून लाल टॅग काढला, दोष लिहिला, खाली स्वतःचे नाव लिहिले, आणि सुतळीला गाठ मारली. मालकाने संतोषला फोन लावला. तो मोटारसायकलवरून धडधडत आला.

“आत्या, हे काय चाललंय?”

“लाइन थांबवलीय.”

“अगं, पाच-धा पानं कमी पडली म्हणून? कुणाला कळतंय?”

“मला कळलंय.”

“आत्या, ऐक जरा. पालखी ट्रॅक्टरवर असती आता. म्होरं डीजे असतो. चालतंय कोण? उलट गाणं बारकं झालं ते बेसच झालं की! नेमकं बसतंय ट्रॅक्टरला.”

मला वाटले, इंदूबाई आता भडकतील. त्या भडकल्या नाहीत. दोन्ही हात गठ्ठ्यावर ठेवून म्हणाल्या, “ट्रॅक्टरला पायजे तेवढंच म्हणा की. कोण नगं म्हणतंय? पर मास्तरांनी जे छापलं ते पुस्तकात ऱ्हाऊ दे. कमी म्हणायचं का न्हाई ते म्हणणाऱ्यानं ठरवावं. मी कोण ठरवणारी?”

“आन् गावाला काय सांगू? पुस्तक देतो म्हणून तोंडानं बोललोय मी. तोंड कसं दाखवू?”

“तुझं नगं दाखवू. माझं दाखव. आत्यानं चुकवलं म्हण.”

“तुझा सत्कार हाय, आत्या!”

हे तो अगदी निराळ्या, पडलेल्या आवाजात म्हणाला. इंदूबाईंनी तोंड फिरवले. बाहेरून गाडी गेली आणि सारा छापखाना थरथरला. संतोष रागाने पुढे झाला. टॅग तोडण्यासाठी त्याने हात घातला, आणि दोऱ्यापाशी जाऊन तो हात थांबला. मी हे अगदी जवळून पाहिले. लाइनवर इतकी वर्षे काढलेला माणूस तो. दुसऱ्याने बांधलेला लाल टॅग तोडायचा नाही, ही गोष्ट त्याच्या बोटांना त्याच्यापेक्षा आधी आठवली असावी. त्याने हात मागे घेतला, हेल्मेट उचलले, आणि आत्याकडे न पाहता निघून गेला.

त्या संध्याकाळी देवळात कमिटीची बैठक होती. इंदूबाई आपण होऊन गेल्या आणि चूक माझी म्हणून सांगून आल्या. गावातली माणसे फारसे बोलली नाहीत. न बोलणे हेच लागले, असे त्या मला म्हणाल्या. त्या रात्री भाच्याच्या घरी जेवायला थांबा, असे कोणी म्हटले नाही. एवढे सांगताना त्यांनी खिडकीपासून दारापर्यंत कितीतरी फेऱ्या घातल्या.

नंतर आम्ही ती पुस्तिका नियमाप्रमाणे वाचली. गेलेली पाने परत आपापल्या जागी बसवली. पहिले वाचन गोविंदरावांचे, दुसरे माझे. इंदूबाईंनी त्या मजकुराला बोट लावले नाही. त्या फक्त मागे फिरत राहिल्या. शेवटचे पान झाले तेव्हा त्यांनी छापखान्यातून आणून ठेवलेल्या गठ्ठ्यावरचा टॅग स्वतःच्या हाताने सोडला. पण संतोष काही फिरकला नाही, आणि जत्रा तोंडावर आली. पुस्तिका निघाली नाही.

जत्रेला मी गेलो ते इंदूबाई एकट्या पडू नयेत म्हणून. देवळासमोर ट्रॅक्टर सजवलेला, त्यावर पालखी, पुढे डीजेची गाडी. संतोष कमिटीचा बिल्ला लावून धावपळ करीत होता. त्याने मला नमस्कार केला. आत्याकडे पाहिले आणि तसाच पुढे गेला. इंदूबाई अनवाणी होत्या आणि त्यांच्या हातात आमच्याकडच्या संगणकातून काढलेली सुटी पाने होती. सत्काराच्या मांडवाकडे त्यांनी वळूनही पाहिले नाही.

मिरवणूक टपरीपर्यंत आली आणि अडली. कारखान्यांची शिफ्ट सुटली होती. कंपनीच्या बसगाड्या, कंटेनर, मोटारसायकली यांनी रस्ता गच्च भरला. पोलिसाने येऊन डीजे बंद करायला लावला. ट्रॅक्टर जागच्या जागी घरघरत उभा राहिला. माणसे घाम पुसू लागली, कोणी शिव्या घालू लागले. पालखी अशी रस्त्यात थांबलेली पाहून जो तो चुळबुळत होता. त्या चुळबुळीत इंदूबाईंनी पाने वर धरली आणि म्हणायला सुरुवात केली. आवाज चिरका होता. पहिले कडवे त्या एकट्याच म्हणाल्या. मग चालण्याचे कडवे आले, आणि मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकीने ते उचलले. तिला पाने लागली नाहीत. पुन्हा नवे कडवे इंदूबाईंचे, पुन्हा ते सगळ्यांचे. जे कडवे तितक्यांदा येऊन इंदूबाईंना दोष वाटले होते, तेच आता त्या बायांना येत होते. बाकीचे त्यांना येत नव्हते.

मग संतोषनेच पुढे होऊन पालखीचे दोर सोडले. “घ्या रे खांद्यावर,” तो पोरांना म्हणाला, “किती येळ हुबं ऱ्हायचं?” पालखी वाहनांच्या फटीतून निघाली. पुढचा एक खांदा संतोषचा होता.

आम्ही कंपनीच्या भिंतीच्या कडेने चाललो. वळसा मोठा होता. ऊन भिंतीवरून परतून अंगावर येत होते. माझे पाऊल हळू पडे म्हणून इंदूबाई पुढे जात, मागे येत, पुन्हा पुढे जात, म्हणजे ती वाट त्यांनी माझ्या दुप्पट तरी चालली असेल. भिंतीचा कोपरा आला. तिथून नदीकाठची झाडे दिसू लागली, पाणी अजून दिसत नव्हते. तिथे शेवटचे कडवे संपले आणि त्यांच्या हातात पान उरले नाही.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले. मागची म्हातारी म्हणाली, “इंदे, म्हण की फुडचं.” पालखीच्या दांडीखालून मान वळवून संतोषही म्हणाला, “आत्या, तेच परत म्हण. पुरंल नदीपोत्तर.”

इंदूबाईंनी पाने घडी करून कमरेला खोचली. “पुढचं मास्तरांनी लिवलेलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “भिंत त्यांच्या मागनं आली. आता नुसतं चालायचं.”

आणि त्या चालू लागल्या, पुढे-मागे न करता, पालखीच्या मागे, एका चालीने. कोणी काही म्हणत नव्हते. अनवाणी पायांचा आवाज तेवढा येत होता. मी थकून एका दगडावर टेकलो. त्यांनी जाताना मला हाताने बसून राहायची खूण केली, बसण्याची शिफारस त्यांनी केलेली ती एकमेव वेळ. त्यांची पाठ आणि पालखीचे लाल छत झाडांत दिसेनासे झाले. थोड्या वेळाने त्या गप्पपणात मला, बसल्या जागी, पाण्याचा आवाज ऐकू आला.

पालखी परतायच्या आतच मला बस गाठावी लागली, आणि इंदूबाईंचे मला झालेले ते शेवटचे दर्शन ठरले. जत्रेनंतर त्या थोड्या दिवसांसाठी मुलीकडे गेल्या, आणि आषाढात हृदयविकाराने त्यांचे निधन झाल्याचे संतोषनेच फोन करून कळवले. तेरावे झाल्यावर तो ग्रंथालयात आला. बूट उंबऱ्याबाहेर काढले, फाइल मागून घेतली, आणि वैशालीबाईंनी खुर्ची पुढे केली तरी उभाच राहिला. छापखान्यात त्याने काय सांगितले ते मालकाने मला पुढे कळवले: एकही पान कमी करू नका, दोनदा आलं असंल तर दोनदाच छापा. आज पाटावर ठेवलेली पुस्तिका ती हीच.

आई जगदंबे, ज्यांनी हे शेवटपर्यंत वाचले त्यांच्यावर आणि त्यांच्या घरादारावर तुझी छाया असो. त्यांच्या घरातली लेकरे, वडीलधारी, माहेरी आलेल्या लेकी आणि दारी आलेले पाहुणे सुखात राहोत. त्यांच्या घरी ज्याला एका जागी बसवत नाही असे कोणी असेल, तर त्याच्या पायांना तू बळ दे. आणि प्रत्येकाचे गाणे त्याच्या त्याच्या वाटेला पुरो. जिथे पुरणार नाही, तिथून पुढे गप्प चालताना सोबतीला कोणीतरी असो.

शुभं भवतु.